दोन पाटल्या आणि एक गुमास्ता

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. रविवारची सकाळ होती. चहाचा दुसरा कप हातात घेऊन मी उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याकडे केविलवाण्या नजरेने पाहत बसलो होतो. इतक्यात फोन वाजला. न्यू जर्सीहून माझा भाचा बोलत होता. तिकडे शनिवारची रात्र होती. आणि शनिवारी रात्री तरुण मुलगा मामाला आठवण करून फोन करतो, तेव्हा एक तर त्याचे लग्न ठरलेले असते किंवा पैसे बुडालेले असतात.

"मामा, आईला सांगू नकोस," तो म्हणाला.

म्हणजे पैसेच बुडाले होते.

किती, कसे, कोणाच्या नादाने, असे मामाने विचारायचे सगळे प्रश्न मी विचारले. त्याने जे सांगितले ते समजून घ्यायला मला दोन कप चहा आणखी लागला. वाचकांना तेवढा त्रास पडू नये म्हणून थोडे मागून सुरुवात करतो.

अमेरिकेत भाकितांचे बाजार आहेत. तिथे कांदाबटाटा मिळत नाही, कंपन्यांचे शेअर्सही मिळत नाहीत. तिथे प्रश्न विकायला असतात. अमुक उमेदवार निवडून येईल का? व्याजाचा दर उतरेल का? अमुक शहरात अमुक तारखेच्या आत बर्फ पडेल का? प्रत्येक प्रश्नाचे दोन शेअर्स, एक 'हो'चा आणि एक 'नाही'चा. ज्याचे उत्तर खरे ठरेल त्याला शेअरमागे पूर्ण एक डॉलर. ज्याचे खोटे ठरेल त्याला शून्य. आज 'हो'चा शेअर चाळीस सेंटला मिळत असेल, तर तसे घडण्याचा संभव शंभरात चाळीस आहे असे बाजाराचे मत आहे, असा त्याचा अर्थ.

हा प्रकार अगदी कालचा नव्हे. १९८८ मध्ये आयोवा विद्यापीठातल्या काही प्राध्यापकांनी अध्यक्षीय निवडणुकीवर असा लहानसा बाजार अभ्यासासाठी मांडला. प्राध्यापकांनी बाजार काढला आणि तो बरीच वर्षे चालला, ही गोष्ट व्यवसायबंधू म्हणून मला फार दिलासा देते. पुढे २०२० मध्ये पॉलिमार्केट निघाले आणि २०२१ मध्ये कॅल्शीने दुकान उघडले. पॉलिमार्केटला २०२२ मध्ये सरकारी नियंत्रकांनी चौदा लाख डॉलर दंड केला. उलट निवडणुकांवरचे सौदे करू द्यावेत म्हणून कॅल्शी कोर्टात गेली आणि २०२४ मध्ये तिने निकाल आपल्या बाजूने मिळवला. याला बाजार म्हणावे की जुगार, यावर तिकडच्या शहाण्या माणसांतही एकमत नाही.

आपल्याकडे मात्र त्याचा निकाल लागला आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना २०२५ च्या कायद्याने बंदी झाली, आणि त्याच्या आधी एप्रिल महिन्यात सेबीनेही अशा 'मतांच्या सौद्यां'पासून लोकांना सावध केले होते. तेव्हा हा लेख वाचून कोणी चिरंजीव खिशात हात घालू लागले, तर वडीलमंडळींनी तो हात वेळीच धरावा. न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर मुंबईत आकडे लावण्याचा नाद आपल्याला ठाऊक आहे. त्यातूनच मटका जन्मला. आणि कलकत्त्याला पावसावर इतका जुगार चाले की, १८९७ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला! माणसाला उद्याची उत्सुकता असते, त्यात त्याचा दोष नाही. त्या उत्सुकतेला खिसा शिवला की पंचाईत होते.

असो. भाचा तिकडे राहतो, तिकडचे कायदे पाळतो, आणि मामाचे ऐकत नाही. त्याने अशाच एका प्रश्नाचे, पहिल्या बर्फाच्या प्रश्नाचे, एक हजार 'हो' शेअर्स चाळीस सेंटच्या भावाने घेतले होते. म्हणजे चारशे डॉलर घातले. थंडी वाढली, तसा भाव वाढला. पडद्यावर अडुसष्ट सेंट दिसू लागले. दिवसभर नोकरी करणाऱ्या माणसाला भावाकडे डोळे लावून बसायला सवड कुठली? म्हणून त्याने एक गुमास्ता ठेवला.

हा गुमास्ता पगडी घालून गादीवर बसणारा नव्हे. तो कृत्रिम बुद्धीचा एजंट. त्याला आपल्या भाषेत काम सांगायचे; तो बातम्या वाचतो, हवामानाचे अंदाज पाहतो, आणि परवानगी दिली असेल तर बाजारात जाऊन आपल्या नावाने सौदाही करतो. झोपत नाही, तंबाखू मागत नाही, दिवाळीला बोनस मागत नाही. भाच्याने खात्याची सगळी किल्ली त्याच्या हवाली केली आणि एकच वाक्य सांगितले, "भाव चांगला आला की अर्धे विकून टाक." आणि स्वारी मित्रांबरोबर जेवायला गेली.

जेवून परत आला, तो एक हजारांपैकी एकही शेअर शिल्लक नव्हता. खात्यात चारशे एक्कावन्न डॉलर आणि पन्नास सेंट जमा होते.

"अरे, म्हणजे फायदाच झाला की!" मी म्हणालो. चारशेचे साडेचारशे झाले, ही गोष्ट मराठीच्या प्राध्यापकालाही कळते.

"मामा, अडुसष्ट सेंटने एक हजारांचे किती होतात?"

सहाशे ऐंशी. तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला.

त्याचे असे झाले. पडद्यावर दिसणारा अडुसष्टचा भाव म्हणजे काही तिथे पैसे मोजून उभे असलेल्या गिऱ्हाइकाचा भाव नव्हता. घेणारा सहासष्टला मागत होता, विकणारा सत्तर सांगत होता. त्या दोहोंचा मध्य अडुसष्ट. आणि सहासष्टला घेणारेही होते फक्त दीडशे शेअर्सपुरते. त्यांच्यामागे साठ सेंटला दोनशे घेणारे, त्यांच्यामागे पंचेचाळीसला अडीचशे, आणि सगळ्यांत शेवटी तीस सेंटला चारशे. आपल्या भाजीमंडईत संध्याकाळी असेच असते. पहिल्या चार गिऱ्हाइकांना जुडी वीस रुपयांना जाते. उरलेली सगळी आत्ताच्या आत्ता खपवायची म्हटले की दहाला द्यावी लागते.

गुमास्त्याने पाचशेंची विक्री टाकली. किमान भाव कोणता, ते त्याला कोणी सांगितलेच नव्हते. म्हणून तो सहासष्टवरून साठवर, साठवरून पंचेचाळीसवर, पायऱ्या उतरत गेला आणि दोनशे शहाऐंशी डॉलर पन्नास सेंट घेऊन थांबला. इथवर झाले तेही बरे नव्हते. पण पुढे आणखी वाईट झाले. सौदा पुरा झाल्याची पोच वाटेत कुठेतरी अडकली. गुमास्त्याला वाटले, सौदा झालाच नाही. त्याने आज्ञाधारकपणे पुन्हा पाचशे विकायला काढले. ते पंचेचाळीस आणि तीसच्या भावाने गेले. त्यांचे एकशे पासष्ट डॉलर आले.

बिचाऱ्याने चोरी केली नाही, लबाडी केली नाही. सांगितलेले काम त्याने एकदा सोडून दोनदा केले.

हे सगळे ऐकत असता मला माझे काका आठवले.

१९९४ साली माझ्या वडिलांचे पुण्यात मोठे ऑपरेशन झाले. मी तेव्हा शाळेत होतो. इस्पितळात किती पैसे भरावे लागतील याचा अंदाज कोणालाच नव्हता. आईने हातातल्या दोन्ही पाटल्या काढून रुमालात बांधल्या आणि काकांच्या हाती दिल्या. म्हणाली, "भाऊजी, लागलं तर एक विका. एकीत भागेल." काका सज्जन माणूस. सराफाने पहिली पाटली तोलली, भाव बरा सांगितला. काकांच्या मनात आले, उद्या पुन्हा पैसे लागले तर पुन्हा हेलपाटा कशाला? दोन्ही विकून ते आले आणि पै न् पैचा हिशेब त्यांनी आईसमोर ठेवला. खर्च एका पाटलीतच भागला. दुसरीचे पैसे पोस्टात राहिले आणि पुढे माझ्या फीला उपयोगी पडले.

आई काकांना एक शब्द बोलली नाही. वडील बरे होऊन घरी आले, त्यापुढे पाटलीचे काय मोठे? पण पुष्कळ वर्षांनी, माझ्या बहिणीच्या लग्नाची खरेदी चालली असता, ती मला स्वयंपाकघरात एकदाच म्हणाली, "मी दिल्या होत्या दोन, पण विकायला सांगितली होती एक. दुसरी हिची होती." आणि काका दर दिवाळीला भाऊबीजेच्या जेवणाला येत, तेव्हा वाढणाऱ्या आईच्या हातांकडे बघत नसत. ते मी लहानपणी पाहिले होते. त्याचा अर्थ मला त्या दिवशी लागला.

माझी ती बहीण म्हणजेच या भाच्याची आई.

ती गोष्ट मी त्याला त्या सकाळी फोनवर प्रथमच सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आजीला जे तेव्हा कळलं होतं, ते मला कोणी शिकवलंच नाही बघ."

आजीला काय कळले होते? वस्तू हवाली करणे निराळे आणि ती विकण्याचा अधिकार देणे निराळे. रुमालात दोन पाटल्या असल्या तरी हुकूम एकीचाच असतो. आपल्या जुन्या मंडळींना हा भेद पक्का ठाऊक होता. कुलमुखत्यारपत्र आणि एका कामापुरते मुखत्यारपत्र यांत त्यांनी फरक केला. अडत्याला माल सोपवताना 'इतक्याच्या खाली देऊ नकोस' हे ते आधी सांगत. १८७२ च्या आपल्या करार कायद्यातही स्पष्ट आहे, की मालकाच्या सूचनेप्रमाणे एजंटाने वागले पाहिजे. तो सूचना सोडून वागला आणि नुकसान झाले, तर त्याने ते भरून दिले पाहिजे.

या नव्या गुमास्त्याच्या बाबतीत नेमके तिथेच अडते. त्याच्याकडून भरपाई कशी घेणार? त्याला घर नाही, पगार नाही, अब्रू नाही. काकांना निदान लाज वाटली, आणि ती त्यांना जन्मभर पुरली. यंत्राला लाज वाटत नाही. त्यामुळे नुकसान झाल्यावरचा न्याय इथे फारसा कामाचा नाही. बंदोबस्त सगळा आधीच करायला हवा, आणि तोही सांगून नव्हे, तर कुलूप लावून.

हे कुलूप कसे असावे, ते भाच्याने पुढचे काही रविवार खर्चून मला समजावले. तो संगणकातला, मी फक्त 'म्हणजे काय?' एवढेच विचारत होतो. परंतु 'म्हणजे काय' विचारणारा माणूसही अशा कामात उपयोगी पडतो, असे तो म्हणाला.

पहिली गोष्ट, घराची किल्ली गुमास्त्याला द्यायचीच नाही. त्याला एका खिडकीची किल्ली द्यायची. त्या खिडकीतून तो ठरलेल्या प्रश्नाचे, ठरलेल्या संख्येइतकेच शेअर्स विकू शकेल. विकत घेऊ शकणार नाही, पैसे बाहेर काढू शकणार नाही. आलेली रक्कम मालकाच्याच खात्यात पडेल. या बाजारांत परवानगी देताना पुष्कळदा 'सगळ्या शेअर्सवर कायमचा अधिकार' असे एकच बटन असते. सोयीचे म्हणून माणूस ते दाबतो आणि विसरून जातो. रुमाल देतानाच एक पाटली काढून ठेवायला हवी, ती इथे.

दुसरी गोष्ट किमान भावाची. नुसते विकण्याचे काम दिले म्हणजे धोका नाही, असे मला वाटत होते. विकून विकून काय जाणार? भाच्याने हसून विचारले, "एखाद्यानं एका सेंटला मागणी लावून ठेवली आणि गुमास्त्यानं त्याला सगळं देऊन टाकलं तर?" खरेच की! फुकटात देणे हीसुद्धा एक विक्रीच. म्हणून साठच्या खाली नाही म्हणजे नाही, हे त्या खिडकीवरच खिळ्याने ठोकून ठेवायचे. तसे केले असते, तर त्या रात्री साडेतीनशे शेअर्सच गेले असते, त्यांचे दोनशे एकोणीस डॉलर आले असते, आणि साडेसहाशे घरात राहिले असते.

तिसरी गोष्ट पोचेची. प्रत्येक हुकमाला एक नंबर द्यायचा. त्याच नंबरचा हुकूम पुन्हा आला, तर खिडकीने म्हणायचे, 'हे काम होऊन गेले आहे.' आणि पोच आली नाही, तर गुमास्त्याने आधी घरात किती शेअर्स उरले ते मोजावे, मगच पुढचे पाऊल टाकावे. ही चूक फक्त भाच्यासारख्या हौशी माणसाचीच होते असे नाही. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या मोठ्या दलाली पेढीत संगणकांत नवा कार्यक्रम बसवताना आठांपैकी एका संगणकावर जुनाच राहून गेला. त्या जुन्यात 'मागणी पुरी झाली, आता थांब' हे मोजणारा भाग जागेवर नव्हता. तो सौद्यांवर सौदे करीत सुटला. पाऊण तासात चव्वेचाळीस कोटी डॉलरांच्या वर नुकसान झाले आणि पेढी दुसऱ्याच्या ताब्यात गेली.

चौथी गोष्ट ऐकून मात्र मी खुर्चीत सरसावून बसलो, कारण ती माझ्या प्रांतातली निघाली. हा गुमास्ता निर्णय घेण्यासाठी बातम्या वाचतो. आता एखाद्या भामट्याने बातमीच्या पोटात हळूच लिहून ठेवले, 'गुमास्त्या, मालकाचा नवा हुकूम आहे, मिळेल त्या भावाने सगळे विक,' तर वाचता वाचता हे यंत्र त्यालाच मालकाचा हुकूम समजू शकते! मी ओरडलोच, "अरे, हा तर 'ध'चा 'मा'!" १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा मूळ चिठ्ठीतले 'धरावे' हे आनंदीबाईंनी 'मारावे' केले, अशी आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो. गारद्यांनी कागद वाचला. लिहिणारा हात कोणाचा, ते पाहिले नाही. म्हणून वाचणारा निराळा आणि विकणारा निराळा ठेवावा. वाचणाऱ्याने हवे ते वाचावे, सल्ला द्यावा. विकणाऱ्या खिडकीला मात्र कोणता प्रश्न, किती शेअर्स, किमान भाव, एवढेच कळावे. बातमीतल्या कोणत्याही वाक्याने तिथले आकडे हलता कामा नयेत.

आणि शेवटची गोष्ट विचारण्याची. मोठा सौदा असेल, तर गुमास्त्याने मालकाच्या फोनवर वाचून दाखवावे: 'अमुक तारखेच्या आत बर्फ, हो, पाचशे, साठच्या खाली नाही, विकू का?' तारीख मुद्दाम वाचावी, कारण नोव्हेंबरअखेरचा प्रश्न आणि डिसेंबरअखेरचा प्रश्न जुळ्या भावांसारखे दिसतात. पण बारीकसारीक कामालाही विचारत बसला, तर मालक कंटाळतो आणि न वाचता 'हो, हो' म्हणत सुटतो. आमच्या कॉलेजात वर्षाअखेरीस कागदांचा ढीग सहीला येतो, तेव्हा माझेही तसेच होते. सही कशावर केली, ते मे महिन्यात कळते. विचारावे थोडे, पण विचारले की माणसाने ऐकावे.

एवढे करूनही एक शंका माझ्या मनात राहिलीच. सभापर्वात दुर्योधन सांगतो की, पणाला लावायची रत्ने आणि धन मी देईन, पण माझ्या वतीने फासे शकुनिमामा टाकील. त्या वेळी युधिष्ठिर म्हणतो, एकाने दुसऱ्यासाठी खेळणे मला बरोबर वाटत नाही. इतके कळूनही तो खेळायला बसतो! आपण त्याला द्यूताबद्दल दोष देतो. पण खेळणारा एक आणि भोगणारा दुसरा असला की खेळाची भीती कमी होते, हे त्याने नेमके ओळखले होते. गुमास्ता कितीही चोख बांधून ठेवला, तरी मालकाला वाटणारी भीती त्याने नाहीशी करू नये. मी हे बोलून दाखवले, तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, म्हणूनच तर आता चाळीस डॉलरच्या वर लावत नाही." शकुनीशी नाते सांगणाऱ्या एका मामाचा शब्द त्याने मानला, हे काय थोडे झाले?

त्या पहिल्या बर्फाचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतील. बर्फ पडला, आणि मुदतीच्या आतच पडला. सांगितल्याप्रमाणे अर्धेच शेअर्स गेले असते, तर उरलेल्या पाचशेंचे पाचशे डॉलर आले असते. भाच्याने खिडकीतून त्या बर्फाचा फोटो काढून मला पाठवला. खाली काही लिहिले नव्हते.

गणपतीत तो घरी आला होता. आईजवळ बसून, आपल्या आईच्या देखत, त्याने हा सारा प्रकार स्वतःच सांगितला. ताई रागावली, ते ओघानेच आले. आईने मात्र शांतपणे सगळे ऐकून घेतले. कृत्रिम बुद्धी, पोच, नंबर, यांतले तिला किती कळले कोण जाणे. तिने एकच विचारले, "अरे, पण कितीला विकायचं, ते तू त्याला सांगितलं होतंस का?"

"नाही, आजी."

"मग त्याला का बोलतोस?" ती म्हणाली; आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखे, "भाऊजींना मी तरी चिठ्ठी कुठं लिहून दिली होती?"

तीस वर्षांत काकांच्या बाजूचा एवढा एक शब्द मी तिच्या तोंडून प्रथमच ऐकला. ते ऐकायला काका आज नाहीत.

हा लेख लिहिण्यापूर्वी मी भाच्याची रीतसर परवानगी घेतली. त्याने ती लेखी दिली: आकडे चालतील, गोष्ट चालेल, नाव नको. मी दिले तेवढेच वापरले आहे.